अकरावा रकाना

गणपती पेठेत आत, जिथं रिक्षाही वळत नाही,
तिथं भूपाल उपाध्येंचं गोदाम.
मी पिशवीतून फाईल काढते,
ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघतात.
"अजून किती दिवस आहेत, मॅडम?"
नव्या नियमाची मुदत त्यांना उधारीसारखी वाटते,
मागितली की वाढवून मिळेल.

मी म्हणते, आधी यादी करू.
काय आहे, किती आहे,
कुणी बनवलं, कुणाला विकलं.
"काय म्हणजे? माल आहे की!
हायड्रो, कॉस्टिक,
आणि त्या कोपऱ्यातलं... दस्तगीर,
काय म्हणतो रं त्याला आपण?"
"पिवळं," दस्तगीर सांगतो.

पिवळं.
माझ्या मांडीवर सोळा रकान्यांचा कागद
आणि पहिल्याच रकान्यात
पिवळं.

जुनी बिलं पुरात भिजून एकमेकांना चिकटली,
वाळल्यावर त्यांची वीट झाली.
अण्णा ती दाराला टेकू म्हणून लावतात.
लेबलं कृष्णेनं सोलून नेली.
निळी पिंपं तरंगत छताला टेकली होती म्हणे,
खाली आली तेव्हा सगळी एका आईची.
कुणी हुंगून ओळखली, कुणी काडीनं ढवळून.
"धंदा थांबवून चालतंय होय?"

हायड्रोनं मात्र आपली ओळख आपणच दिली.
वरच्या फळीवरचा डबा, झाकण सैल,
खालून ओल चढली
आणि तो धुमसायला लागला.
ना काडी, ना विस्तू.
सगळी पेठ पाण्यात उभी
आणि आत आग.
दस्तगीरनं डबा पोत्यात गुंडाळला,
छातीभर पाण्यातून चौकापर्यंत नेला,
बुडवला.

पाचवा रकाना विचारतो, विझवायचं कशानं?
मी लिहिते: थोड्या पाण्यानं पेटतं,
भरपूर पाण्यानं विझतं.
सांगलीत दोन्ही एकाच आठवड्यात मिळतं,
हे लिहीत नाही.

दुपारी चिन्हं चिकटवतो.
लाल काठाच्या शंकरपाळ्या, आत काळी चित्रं:
ज्योत, कवटी,
हातावर सांडणारी बाटली.
दस्तगीरला अक्षर येत नाही.
ज्योतीवर बोट ठेवून तो हसतो,
"ह्याला मी ओळखतो."
कॉस्टिकला तो चावरं म्हणतो,
हायड्रोला तापट.
मी कागदावर मोठमोठे शब्द लिहिते
आणि वाटतं, याचेच दोन पुरले असते.

मग अकरावा रकाना,
शरीरावर होणारा परिणाम.
कंपनीनं पाठवलेल्या कागदावर इथं उंदीर आहेत,
वजनामागं किती दिल्यावर
निम्मे मेले.
"ह्यात काय लिवायचं असतंय?" दस्तगीर विचारतो.
मी सांगते.
"मग लिवा की. रात्री दोनला उठवतंय.
बसून राहायला लागतंय उजाडेस्तोवर."
अण्णा चष्मा पुसतात.
"ते वयानं असतंय."
दस्तगीर त्यांच्याकडं बघत नाही.
माझ्याकडंही नाही.
पिंपाकडं बघतो.

रकान्यात उंदरांचा आकडा उतरवते.
समासात, पेन्सिलीनं:
दस्तगीर नदाफ, हमाल, खोकला, पुरापासून.
तपासायला येणारा समास वाचतो का,
मला माहीत नाही.
अण्णांना तपासणीची तारीख सांगते आणि डॉक्टरची,
ते पहिली लिहून घेतात.
मी दुसरी त्यांच्याच पेननं
खाली लिहिते.

भिंतीवर पाण्याची रेष अजून आहे,
चुन्याचे दोन हात देऊनही वर आलेली.
त्या रेषेच्या वर वीतभर
आम्ही कागद लावतो.
दस्तगीर स्टुलावर, मी खालून सांगते,
डावीकडं, अजून थोडं.

निघताना अण्णा विचारतात, "आणि पिवळ्याचं?"
हातमोजे घालून नमुना घेते,
बाटलीवर चिठ्ठी लावते:
उपाध्ये, मागचा कोपरा,
नाव माहीत नाही.

त्या गोदामातलं
एवढं एकच लेबल आज
पुरतं खरं.